अर्ज द्या, पोच घ्या



जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरतो आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या आत काही घरांना शाळेतून बोलावणं येतं. मुलगा जागेवर बसत नाही, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, हाक मारली तरी बघत नाही. एवढं ऐकून आई रडवेली झालेली असते, आणि मग जरा आवाज उतरवून विचारलं जातं, 'त्याच्यासाठी दुसरी एखादी शाळा बघता का?'

आज या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, त्याबद्दल बोलू.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, असं त्याचं कलम १६ सांगतं. हे शाळांना पालकांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून सहसा कोणी मुलाला काढून टाकत नाही. पालकांकडूनच एक कागद लिहून घेतला जातो: 'मी स्वखुशीने माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागत आहे.' या कागदावर सही झाली की तक्रारीला जागाच उरत नाही. तेव्हा तिथल्या तिथे सही करू नका. 'घरी विचारून सांगतो' एवढं म्हणून उठा.

आता कागदपत्रांकडे वळू. बहुतेक पालकांना वाटतं की आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, मग शाळेशी बोलणं. इथेच वर्ष-दोन वर्षं हातची जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता नव्यानं आल्या. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळतं, त्यासोबत वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळतं, आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर पुष्कळ योजनांची दारं उघडतात. विनाअनुदानित खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा प्रवेशही त्यात आला. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं वंचित गटात आली.

पण वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता साधारण आठव्या वर्षाआधी, म्हणजे तिसरीच्या आत, ठामपणे सांगता येत नाही. मग पहिलीतल्या मुलानं काय करायचं? दोन वर्षं नुसतं बसून राहायचं? प्रमाणपत्रासाठी धावपळ जरूर करा, पण मदत मागायला त्यासाठी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं आरोग्य तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा यायला हवं. त्या दिवशी मूल गैरहजर राहणार नाही एवढं पाहा. पुढच्या तपासण्यांसाठी हेच पथक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तिथे कान, डोळे, बोलणं, हालचाल हे सगळं तपासलं जातं. जी गोष्ट आपण 'लक्ष देत नाही' म्हणून सोडून दिली, ती कधीकधी कानांची निघते.

आता अर्जाविषयी. 'माझ्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे ही विनंती' असं लिहिलं तर शाळा 'बरं' म्हणेल आणि अर्ज फायलीत जाईल. रोगाचं नाव लिहिलं तरी वर्गशिक्षिकेला त्यातून काय करायचं ते कळत नाही. मूल शाळेत काय करतं आणि काय करू शकत नाही, ते लिहा. वर्गात गलका वाढला की तो कानांवर हात ठेवतो. पाच-सात मिनिटांनी उठतो. फळ्यावरचं उतरवत नाही, पण तोंडी विचारलं तर वीसपर्यंत मोजतो. लघवीला जायचं सांगता येत नाही, मग कपडे ओले होतात. दुसऱ्या मुलांनी डबा उघडला की त्यात हात घालतो. यातली ओळ न् ओळ शिक्षिकेनं पाहिलेली असते, त्यामुळे वाद होत नाही.

त्याच्याखाली मागण्या, तेवढ्याच नेमक्या. पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून लांब जागा. दर तासाला एकदा उठायची मोकळीक: खडू आणायला पाठवा, हजेरीपत्रक पोचवायला पाठवा. दिवसभरात काय काय होणार ते चित्रांच्या पट्टीवर. लेखी ऐवजी तोंडी चाचणी. ठरलेल्या वेळी मदतनीस ताईंबरोबर स्वच्छतागृह. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत, हे मुद्दाम सांगते. कायद्याच्या भाषेत याला वाजवी सोयी म्हणतात, आणि त्या नाकारणं हा भेदभाव धरला जातो.

शेवटी एक ओळ: मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करावा आणि तीन महिन्यांनी सोबत बसून तो पाहावा. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक शाळेत द्या, दुसरीवर तारीख, सही-शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला कोणी कां-कूं केली, तर स्पीड पोस्टानं पाठवा.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक असतात. अर्जात त्यांनी वर्गात येऊन मूल पाहावं, असं मागा. शाळा दाद देत नसेल तर आधी केंद्रप्रमुखांकडे आणि मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, महापालिकेच्या हद्दीत शिक्षण विभागाकडे. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साहित्य यांची चौकशीही गटसाधन केंद्रातच होते. दिव्यांग मुलींना महिना दोनशे रुपये प्रोत्साहन भत्ता दहा महिने मिळतो. रक्कम किरकोळ, पण ती मिळाली की मुलीचं नाव यादीत असल्याचा पुरावा तयार होतो.

विशेष शिक्षकांविषयी एक कटू गोष्टही बोलायला हवी. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ठरवलं. प्रत्यक्षात एकेका शिक्षकाकडे कितीतरी शाळा असतात. रोजची मदत वर्गशिक्षिकेकडूनच होणार, म्हणून मागण्या तिला झेपतील अशा हव्यात. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंशी भांडून मुलाचं काही भलं होत नाही. त्यांना बाजूला घेऊन त्याला काय आवडतं ते सांगा.

खासगी शाळांत वेगळाच प्रकार. वर्गात मुलासोबत बसणाऱ्या स्वतंत्र मदतनिसाबद्दल तिथे सांगतात: 'शॅडो टीचर तुम्हीच आणा, पगार तुम्हीच द्या, नाहीतर जमणार नाही.' ज्यांना परवडतं ते देतात. माझं मत स्पष्ट आहे: मुलाला सोबतीची गरज आहे का, हे आराखड्यात ठरलं पाहिजे. प्रवेशाची अट म्हणून ती घालणं चुकीचं. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ भेदभाव न करता प्रवेश द्या म्हणतं, आणि मान्यताप्राप्त शाळांकडून ते करून घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं.

विशेष शाळेचा मार्ग कमी प्रतीचा मुळीच नाही. त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण मिळतं, मग शाळा जवळची असो की विशेष, निवड पालकांची. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलीला खाणाखुणांची भाषा येणाऱ्या मुलींत बसवलं, तर ती पहिल्यांदा पोटभर गप्पा मारते. मात्र ही निवड तुमची असली पाहिजे, शाळेनं ढकललं म्हणून केलेली नको.

हे सगळं करूनही काही हललं नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे मुंबईला तक्रार करता येते. सोबत पोच असलेल्या अर्जांच्या प्रती जोडा.

आणि त्याच वर्गातल्या इतर मुलांच्या पालकांना एक विनंती. 'त्या मुलामुळे आमच्यांचा अभ्यास मागे पडतो' अशी सह्यांची निवेदनं शाळेत जातात, आणि दुसरी शाळा बघायचा निरोप बऱ्याचदा तिथूनच निघतो. असं निवेदन तुमच्यापुढे आलं, तर त्यावर सही करू नका. सही करायचीच असेल, तर त्या वर्गाला विशेष शिक्षक मिळावा या अर्जावर करा.