सूर्यावर पडदा, पण दोरी कोणाच्या हाती?



पृथ्वी तापत आहे आणि ती माणसाच्या कृतीमुळे तापत आहे, याविषयी वैज्ञानिकांत आता वाद उरलेला नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. त्याच वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिकपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून अधिक वाढलेले आढळले. वाद आहे तो उपायांचा. धूर थांबवता येत नसेल तर सूर्यच थोडा झाकावा, असे सांगणारा एक पक्ष आता उघडपणे बोलू लागला आहे. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेणे चुकीचे ठरेल.

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ चौपट दूर, असा एक बिंदू आहे की तेथे ठेवलेली वस्तू पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरत राहते. तेथे आडोसा उभारावा, ही कल्पना १९८९ साली जेम्स अर्ली यांनी मांडली. २००६ साली अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ रॉजर एंजल यांनी तिचा तपशीलवार हिशेब केला. पृथ्वीवर येणाऱ्या उन्हात जेमतेम दोन टक्के घट करायची, तर सुमारे एकेक ग्रॅम वजनाच्या सोळा लाख कोटी पारदर्शक चकत्या तेथे नेऊन ठेवाव्या लागतील. त्यांचे एकूण वजन दोन कोटी टन, आणि खर्च काही लाख कोटी डॉलर. अनेक राष्ट्रांनी मिळून बांधलेल्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे वजन सुमारे सव्वाचारशे टन आहे. अशी ४७ हजारांहून अधिक स्थानके वर न्यावी लागतील, एवढा हा भार होतो. निसर्गनियमांत ही योजना अशक्य नाही. परंतु आज जन्मलेले मूल प्रौढ होईपर्यंत तिचा उपयोग होईल, असे मानण्यास आधार नाही.

म्हणूनच दुसरा, स्वस्त मार्ग सुचवला जातो. जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात फेकला आणि पुढील वर्षभरात जगाचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हेच काम विमानांकडून करून घ्यावे, असा विचार ओझोनवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवणारे पॉल क्रुट्झेन यांनी २००६ साली मांडला. मात्र तो उत्सर्जन घटवण्याला पर्याय नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

या दोन्ही मार्गांत एक दोष समान आहे. पडदा ऊन अडवतो, पण धूर काढून घेत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेत साचतच राहतो. त्यातील सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो आणि समुद्राचे पाणी अधिकाधिक आम्लधर्मी होत जाते. शिवाय पडदा एकदा उभारला की तो पिढ्यान्‌पिढ्या टिकवावा लागतो. युद्धाने, दिवाळखोरीने किंवा सत्तापालटाने तो मध्येच कोसळला, तर दाबून ठेवलेली सारी उष्णता थोड्याच वर्षांत उसळून येईल.

त्याहून गंभीर प्रश्न पावसाचा आहे. ऊन कमी झाले की बाष्पीभवन मंदावते आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानातील ज्या फरकावर मोसमी वारे चालतात तो फरकही घटतो. पिनाटुबोच्या उद्रेकानंतर १९९२ साली जगभरच्या भूभागावरील पाऊस लक्षणीयरीत्या घटल्याची नोंद आहे. ज्या महाराष्ट्रातील बहुतांश शेती कोरडवाहू आहे आणि ज्याने १९७२ चा दुष्काळ भोगला आहे, त्या महाराष्ट्राला पावसाची ओढ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पृथ्वीची सरासरी सुधारली आणि मराठवाड्याचा मृग कोरडा गेला, तर त्या सुधारणेचे मोल कोणी चुकवले असे म्हणायचे?

येथे विज्ञानाचा प्रश्न राजकारणाचा होतो. पडद्याची दोरी कोणाच्या हाती असावी? १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेने व्हिएतनामचे रसदमार्ग चिखलात बुडवण्यासाठी ढगांवर फवारणी केली होती. त्यानंतर १९७७ साली हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यास बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला. परंतु 'जगाच्या हितासाठी' हवामान बदलणाऱ्यांना तो अडवत नाही. २०२२ साली एका अमेरिकी खाजगी कंपनीने मेक्सिकोत गंधकवायूचे फुगे सोडले व थंडावा 'पत' म्हणून विकण्याचा धंदा आरंभला. त्यावर जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने असे प्रयोग बंद करण्याचे जाहीर केले. २०२४ साली नैरोबी येथील संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत या विषयाचा साधा अभ्यासगट नेमण्याचा ठरावही एकमताअभावी मागे घ्यावा लागला. धंदा सुरू झाला आहे, कायदा मात्र नाही, अशी ही स्थिती आहे.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. उन्हाच्या झळा वातानुकूलित दालनांना लागत नाहीत. त्या ऊसतोड मजुराला, वीटभट्टीवरील स्त्रीला आणि पत्र्याच्या झोपडीतील म्हाताऱ्यांना लागतात. त्यांच्या नावाने संशोधनालाच बंदी घालणे म्हणजे उद्याच्या संकटात त्यांचा एक संभाव्य आधार काढून घेणे होय, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. हा आक्षेप फेटाळण्याजोगा नाही. म्हणून समाजवादी चळवळीची भूमिका विज्ञानद्वेषाची असू शकत नाही. संशोधन व्हावे, पण ते सार्वजनिक पैशाने, खुल्या निष्कर्षांसह आणि पेटंटाविना; प्रत्यक्ष वापर मात्र गरीब राष्ट्रांना समान मत असलेल्या जागतिक कराराशिवाय मुळीच होऊ नये; आणि सावलीच्या बदल्यात धूर सोडण्याचा परवाना कोणालाही मिळू नये, अशी ती भूमिका असली पाहिजे.

या तिसऱ्या अटीला इतिहासाचा आधार आहे. १९६५ साली अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने कार्बन डायऑक्साइडचा धोका नोंदवला आणि उपाय म्हणून समुद्रावर प्रकाश परावर्तित करणारे कण पसरावेत, असे सुचवले. इंधन कमी जाळावे, ही सूचना त्यात नव्हती. आजवरच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे चौथा हिस्सा, तर भारताचा सुमारे तीन टक्के आहे. परंतु वार्षिक उत्सर्जनात भारत आज तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि देशातील श्रीमंतांचा धूर गरिबांच्या नावे खपवला जातो, हेही विसरता कामा नये.

डॉ. लोहियांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात छोट्या यंत्राचा आग्रह धरला होता. त्यामागचा प्रश्न यंत्राच्या आकारापुरता नव्हता. यंत्रावर हुकमत कोणाची, हा होता. सौरविजेची साधने गेल्या दीड दशकात कमालीची स्वस्त झाली आहेत. ती ग्रामपंचायतीच्या आणि सहकारी संस्थेच्या मालकीची व्हावीत, एस.टी. बळकट व्हावी, कोळसा खाणीतील कामगाराला पर्यायी रोजगार मिळेपर्यंत वाऱ्यावर सोडले जाऊ नये, ही मागणी गावोगाव नेण्याचे काम कार्यकर्त्यांसमोर आहे. सूर्य झाकण्याची चर्चा विद्वानांनी जरूर करावी. सूर्याची ऊर्जा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न मात्र लोकांनीच सोडवायचा आहे.