शंका घेण्याचा हक्क आणि पुराव्याची जबाबदारी

(एका बुद्धविहारात केलेले भाषण)



शास्त्राने मान्य केलेल्या सिद्धांतावर आपल्यासारख्या सामान्य माणसाने शंका घ्यावी काय, असे तुमच्यापैकी कित्येक जण विचारतात. मी वकील आहे, शास्त्रज्ञ नव्हे. म्हणून पुराव्याच्या दृष्टीने जो विचार सुचतो, तो तुमच्यापुढे मांडतो.

१८९१ साली हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधील जाती-जमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नाकाची रुंदी व उंची मोजून त्याने त्यांचे प्रमाण काढले आणि असे प्रतिपादन केले की, नाक जितके बारीक तितकी जात वरची, व जितके रुंद तितकी खालची. जातीचे मूळ वंशभेदात आहे, हा त्याचा सिद्धांत. हाच गृहस्थ पुढे १९०१ च्या खानेसुमारीचा आयुक्त झाला. आपल्या पूर्वजांचा कमीपणा जो आजवर पूर्वजन्माच्या नावाने सांगितला जात होता, तो आता मोजपट्टीच्या नावाने सांगितला जाऊ लागला.

या सिद्धांताला उत्तर मिळाले ते मोजमापांतूनच. १९३२ साली डॉ. गो. स. घुर्ये यांनी आकडे तपासून दाखविले की, उत्तर हिंदुस्थानाबाहेर नाकाचे माप आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही. १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात हीच मापे पुढे ठेवली आणि दाखविले की, मानवमिती हे शास्त्र विश्वसनीय मानावयाचे, तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. कोर्टाच्या भाषेत सांगावयाचे तर, प्रतिपक्षाच्याच साक्षीदाराची ही उलटतपासणी होती.

यावरून पहिली गोष्ट ध्यानी घ्या. जो आक्षेप घेतो, त्याने पुरावा आणला पाहिजे. नवा पुरावा आला तर जुना निकाल पुन्हा तपासावा. परंतु केवळ 'मला पटत नाही' एवढ्यावर कोणताही निकाल फिरत नाही. भगवान बुद्धांनी कालामांना परंपरा, ग्रंथ वा गुरू यांच्या भिडेने काही मानू नका असे सांगितले. पण त्याबरोबरच पारखून घेण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली.

दुसरी गोष्ट, वादाचा निकाल सत्तेने लावू नये. सोव्हिएत रशियात निकोलाय वाविलोव हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४० साली पकडला गेला व १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मरण पावला. १९४८ साली त्याचा विरोधक लिसेन्को याचे मत पक्षाच्या संमतीने अधिकृत ठरले आणि आनुवंशिकीच्या अभ्यासकांच्या जागा गेल्या. विरोधकांचे तोंड बंद झाले, परंतु त्यामुळे लिसेन्कोचे मत खरे ठरले नाही. शेवटी तेच टाकून द्यावे लागले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समजा, नाकांची मापे रिस्लेच्या म्हणण्याप्रमाणेच निघाली असती, तर आपला पाणवठ्यावरचा हक्क गेला असता काय? मुळीच नाही. संविधानाचे १४ वे कलम कायद्यापुढील समानता देते, व १७ वे कलम अस्पृश्यता नष्ट करते. त्यांत नाकाचे, कवटीचे वा रक्ताचे माप विचारलेले नाही. माणसाविषयीच्या सिद्धांतावर वाद खुशाल चालू द्या. परंतु त्या वादाचा निकाल लागेपर्यंत कोणाची माणुसकी तहकूब ठेवता येत नाही.

म्हणून उद्या कोणी आपल्या मुलाला 'शास्त्रच सांगते, तुमची बुद्धी कमी' असे म्हणाला, तर मुलाला रडत घरी येऊ देऊ नका. माप कोणी घेतले, किती जणांचे घेतले, कसे घेतले, हे प्रश्न विचारावयास त्याला शिकवा. आणि हेच प्रश्न आपल्या आवडीच्या मतालाही विचारण्याची सवय त्याला लावा. उत्तर काहीही येवो, त्याच्या हक्काला त्याने बाध येत नाही, हेही त्याला सांगून ठेवा.

जय भीम!