यंत्र आणि माणसाचें सुख

बँकेच्या यंत्रापुढें एखादा वृद्ध गृहस्थ उभा असतो. तो कळ दाबतो, यंत्र गप्प. पुन्हां दाबतो, तों पडद्यावर भलतेंच कांहीं उमटतें. मागें रांग खोळंबते. अखेर तो ओशाळून बाजूला होतो व म्हणतो, "आम्हांला हें जमायचें नाहीं!" यंत्राला मात्र कोणी बोल लावीत नाहीं. हा न्याय कितपत योग्य?

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बी-१७ बाँबफेकी विमानांच्या बाबतींत असाच प्रश्न उद्भवला. विमान सुखरूप उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटावयाच्या, त्याऐवजीं कांहीं वैमानिक चाकेंच आंत ओढून घेत आणि विमान पोटावर आपटे. दोष वैमानिकाच्या माथीं येई. आल्फोन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञानें पाहिलें, तों दोन्ही कामांच्या कळा शेजारीं शेजारीं व सारख्याच! एकीवर लहानसें रबरी चाक व दुसरीवर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवावा, असा उपाय त्यानें योजला. भेद हातालाच कळूं लागला व ती चूक थांबली. पुढें १९४७ सालीं फिट्स व जोन्स यांनीं वैमानिकांच्या म्हणून गणलेल्या ४६० चुका तपासल्या आणि त्यांतील पुष्कळांचें मूळ उपकरणांच्या रचनेंत असल्याचें दाखविलें.

परंतु त्रास टळला म्हणजे सुख आपोआप लाभतें, असें नव्हे. १९९६ सालीं झांग, हेलँडर व ड्रुरी या संशोधकांनीं खुर्चीवर बसणाऱ्यांच्या अनुभवांची छाननी केली. त्रासाचें नातें दुखणें, अवघडणें व थकवा यांच्याशीं दिसलें. सुखाचें नातें निवांतपणा व प्रसन्नता यांच्याशीं. हीं एकाच काठीचीं दोन टोकें नव्हत.

यंत्रापुढेंही हाच भेद लागू पडतो. बारीक अक्षरें, संदिग्ध खुणा, हात न पोंचणाऱ्या कळा हा त्रास. तो प्रथम काढलाच पाहिजे. सुखाला मात्र आणखी कांहीं लागतें. कळ दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागांत लहानसा आवाज झाला किंवा दिवा लागला, तर आपलें म्हणणें पोंचलें याची माणसाला खात्री पटते. चुकल्यास मागें फिरण्याची वाट मोकळी असली आणि सूचना परिचित भाषेंत असल्या, म्हणजे मनावरचें दडपण उतरतें.

तो वृद्ध गृहस्थ "जमायचें नाहीं" म्हणतो, तेव्हां यंत्र घडविणाऱ्यानें तो आपल्याच कामावरील अभिप्राय समजावा.