मांसल वनस्पतींनाही सावली हवी

(अवर्षणप्रवण भागातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कर्मचारी यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवडुंगाला ऊन बाधत नाही, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. माळरानावरील फड्या निवडुंग, बांधावरील शेर आणि अंगणातील कोरफड यांनी ती दृढ केली. जेथे दुसरे काही तगत नाही तेथे या वनस्पती तगतात, हे खरेच. परंतु आता सोलापूर, सांगली, पुणे अशा जिल्ह्यांत निवडुंगाच्याच कुळातील ड्रॅगन फ्रूट हे पीक म्हणून लावले जात आहे. पीक म्हटले की नुसते तगून भागत नाही, ते फळावे लागते. म्हणून या जुन्या समजुतीचा फेरविचार करणे अगत्याचे झाले आहे.

ऊन का बाधते?

बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रांवाटे बाष्प बाहेर टाकतात आणि त्यामुळे पान थंड राहते. पाझरणाऱ्या माठातील पाणी गार राहावे, तसेच हे आहे. निवडुंग, कोरफड यांसारख्या मांसल वनस्पतींची रीत निराळी असते. त्यांची रंध्रे दिवसा मिटलेली व रात्री उघडी असतात. रात्री हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपाने साठवायचा आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करायचे, असा त्यांचा क्रम असतो. यात पाण्याची मोठी बचत होते. परंतु भर दुपारी अंग थंड ठेवण्याचे साधन त्यांच्यापाशी उरत नाही. कडक उन्हात त्यांचे खोड भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक तापते, ते यामुळेच.

शिवाय, ड्रॅगन फ्रूट ही मुळात वाळवंटातील वनस्पती नाही. तिचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथील अरण्यांत मोठ्या वृक्षांच्या आधाराने, त्यांच्या विरळ सावलीत ही वेल चढते. आपण तिला उघड्या माळावर सिमेंटच्या खांबाशी बांधतो. मे महिन्यात तर महाराष्ट्रात सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होण्याचा दिवस त्याच महिन्यातील. अशा वेळी खांबाच्या माथ्यावरून लोंबणाऱ्या फांद्यांना आडोसा राहत नाही.

लक्षणे ओळखावीत

उन्हाने भाजलेली फांदी प्रथम त्या बाजूने फिकट पिवळी पडते. पुढे पांढुरके, मग तपकिरी चट्टे उमटतात. हे चट्टे पुन्हा हिरवे होत नाहीत आणि पावसाळ्यात अशा जखमी भागातून कूज शिरण्याचा धोका असतो. तहानलेली फांदी मात्र सर्व बाजूंनी सुरकुतते व बारीक होते. हा भेद शेतकरी बांधवांना समजावून सांगणे फार महत्त्वाचे आहे. पिवळेपणा पाहून पाणी वाढविल्यास भाजलेला भाग सुधारत नाही, उलट मुळे कुजण्याची भीती मात्र वाढते. कोरफडीच्या पानांवर उन्हाळ्यात येणारी तांबूस झाक मात्र वेगळी. ती बहुधा सावली मिळताच ओसरते.

सावलीचे नियोजन

लागवड भर उन्हाळ्यात न करता पावसाळ्याच्या प्रारंभी करावी. रोपवाटिकेत जाळीखाली वाढलेली रोपे एकाएकी उघड्यावर न नेता दोन-तीन आठवडे थोड्या थोड्या उन्हाची सवय द्यावी. रोपाची जी बाजू उन्हाकडे होती तिच्यावर खूण करून तीच बाजू पुन्हा उन्हाकडे ठेवावी.

उन्हाळा कडक होण्यापूर्वी ३० ते ५० टक्के सावली देणारी जाळी उभारावी. ती फांद्यांना टेकू देऊ नये. वारा खेळण्याइतके अंतर राखावे आणि वळवाच्या वादळात टिकेल अशी ती पक्की बांधावी. पावसाळा स्थिरावल्यावर, शक्यतो ढगाळ दिवशी, ती काढावी; कारण फुलाफळांना प्रकाश लागतोच. ज्यांना जाळीचा खर्च झेपत नाही त्यांनी पश्चिमेच्या बाजूस शेवगा किंवा हादगा लावावा. पांढऱ्या केओलिन मातीची फवारणीही ऊन परावर्तित करते. तिचे प्रमाण कृषी विभागाकडून समजून घ्यावे. बारामती तालुक्यातील माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने या पिकाचा अभ्यास केलेला आहे. तिच्या मार्गदर्शनाचा लाभ घ्यावा.

पंचायत व शाळा यांचे कार्य

३ मीटर बाय ३ मीटर अंतर धरल्यास हेक्टरी सुमारे १,१०० खांब आणि खांबास ४ प्रमाणे सुमारे ४,४०० रोपे बसतात. एवढा खर्च लहान शेतकरी बहुधा कर्ज काढून करतो. खांब व रोपे यांचा हिशेब होतो, सावलीचा मात्र राहून जातो. माझी विनंती एवढीच की, लागवडीचा अंदाज तयार होत असतानाच सावली हा त्यातील एक रकाना असावा. पाहणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी किती रोपे लावली हे विचारावेच. त्याबरोबर मे महिन्यानंतर किती धडधाकट राहिली, हेही नोंदवावे. ग्रामसभेत हा विषय फेब्रुवारी संपण्यापूर्वी निघाला, तर उपाय वेळेवर होतील.

शिक्षकांना हे काम शाळेच्या आवारातच सुरू करता येईल. सुट्टी लागण्यापूर्वी कोरफड व पानफुटीच्या कुंड्या पत्र्यापासून दूर, पूर्वेच्या ओसरीत किंवा झाडाखाली हलवाव्यात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या लवकर तापतात, त्या आधी हलवाव्यात. एक कुंडी सावलीत व एक उन्हात ठेवून दोन्हींच्या मातीचे तापमान विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे. मुलांनी स्वतः नोंदविलेला आकडा घरोघर पोहोचतो आणि आपल्या पत्रकापेक्षा त्यावर घरच्यांचा विश्वास अधिक बसतो.

अवर्षणग्रस्त शेतकऱ्याने कमी पाण्यावर येणारे पीक मोठ्या आशेने निवडले आहे. पाण्याच्या काटकसरीला वेळेवर दिलेल्या सावलीची जोड मिळाली, तर ती आशा फळास येईल. त्या कामी आपण सर्वांनी यंदाच्या उन्हाळ्यापूर्वीच पुढाकार घ्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.