नळी किती वेळ टेबलावर होती?

मी हैदराबादेत रक्तातली प्रथिनं मोजते. कर्करोग लवकर ओळखून देणारं एखादं प्रथिन सापडावं, म्हणून ही धडपड.

काही वर्षांपूर्वी आम्हाला वाटलं, सापडलं! अंडाशयाचा कर्करोग झालेल्या बायकांच्या रक्तात पाच प्रथिनं जास्त, निरोगी बायकांच्या रक्तात कमी. तो आलेख मी व्हिडिओ कॉलवर आईलासुद्धा दाखवला. मग एका सहकाऱ्यानं विचारलं, "नमुने आले कसे?"

रुग्णांचं रक्त सकाळी रुग्णालयात घेतलं जाई, आमच्याकडे पोचायला दुपार होई. निरोगी बायकांचं आमच्याच इमारतीत घेऊन अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये. रक्त नळीत गोठत पडलं की प्लेटलेट्स आपल्यातली प्रथिनं बाहेर सोडतात, पेशीही फुटतात. आम्ही मोजला तो कर्करोग नव्हताच, नळीनं टेबलावर काढलेला वेळ होता.

आमचंच असं झालं, असंही नाही. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रथिनांच्या नक्षीवरून हाच कर्करोग ओळखल्याचं मांडलं. पडताळणीत ५० पैकी ५० रुग्ण बरोबर! पुढे ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी त्या गटानं खुली केलेली आकडेवारी तपासली. यंत्राचा निव्वळ गोंगाट असतो त्या भागातही रुग्ण आणि निरोगी वेगळे पडत होते. गोंगाटाला कर्करोग कसा कळणार?

उलट उदाहरणही आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आठ प्रयोगशाळांनी एकाच लिखित पद्धतीनं रक्तद्रवातली सात प्रथिनं मोजली, तेव्हा आकडे चांगले जुळले.

आता आमच्या प्रत्येक नळीवर रक्त घेतल्याची आणि फिरवल्याची वेळ असते. गोठायला किती मिनिटं द्यायची ते ठरलेलं. मग उणे ८० अंश, आणि नमुना किती वेळा वितळवला याची नोंद. यंत्रावर रुग्ण आणि निरोगी चिठ्ठ्या टाकून मिसळलेले. वॉर्डातल्या सिस्टर सुरुवातीला वैतागल्या. त्यांचंही बरोबर होतं, आधीच रजिस्टरं काय कमी असतात?

जुने नमुने मात्र बाद करावे लागले. रक्त देताना एकीनं मला विचारलं होतं, "माझ्या मुलीला याचा उपयोग होईल ना?" ती आज नाही. तिच्याकडे दुसरी नळी मागता येत नाही.

नव्या नमुन्यांत पाचांतली चार प्रथिनं गळाली. उरलेलं एक दुसऱ्या शहरातली प्रयोगशाळा आमच्याच पद्धतीनं तपासते आहे. निकाल यायचा आहे. आईला अजून काही दाखवलेलं नाही.