स्टील गिटारचा गंधार



सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात तंबोरे मिळवायला सुरुवात झाली की जाणकार पुणेकर बोलणं थांबवतो. पहिली तार पंचमाला लागतेय की मध्यमाला, यावरून रागाचा अंदाज घेतो. आज तसाच कान स्टील गिटारला लावू.

हवाई बेटांतलं हे वाद्य आडवं ठेवून वाजवतात. साध्या गिटारवर बोटं हवी ती तार हवी तिथं दाबतात. इथे डाव्या हातात धातूची सरळ कांडी असते. ती आडवी टेकली की सगळ्या तारा सारख्याच चढतात. म्हणून मोकळ्या तारांमधलं स्वरांचं नातं पट्टीवर कुठंही गेलात तरी तेच राहतं. तारा जुळवतानाच वादकाचं निम्मं म्हणणं ठरतं.

रुळलेली एक जुळणी ए मेजरची. पांढरी सहाचा षड्ज धरा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प, सा, प, सा, ग, प. दुसरी सी सिक्स्थ: सा, ग, प, ध, सा, ग. नुसता ऋषभ मिळाला की भूपच! हवाईयन संगीतातला तो झुलता गोडवा या धैवताचा आहे.

पण खरी परीक्षा गंधाराची. अनेक वादक तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरता लावतात. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. मला या वाद्यातलं सर्वांत मोठं सुख तिथं सापडतं.

आणि अडचणही तिथंच. मालकंस वाजवायचा झाला तर शुद्ध गंधार आणि पंचम, दोन्ही वर्ज्य. तारा गुंजल्या की राग बिघडला. म्हणून आपल्या वादकांनी मेजरचा मोह सोडला. अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनी चिकारी जोडली, मींडेवर भर दिला आणि गिटार रागसंगीतात आणली. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत तर तरफेच्या बारा तारा आहेत. त्या रागाच्या स्वरांना लावतात.

काबरा, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका जरूर मिळवा. त्यात अहीर भैरव आहे, भूपही आहे. पहिल्यांदा ऐकताना बासरी-संतूर बाजूला ठेवा आणि फक्त गिटारच्या मोकळ्या तारांकडे लक्ष द्या.