नमाजेतलं ‘आम्ही’

दुर्ग-भिलाईतल्या पद्मनाभपुरातून मी आपल्याशी बोलतोय. आजचा विषय आपल्या रोजच्या कानावर पडणारा आहे. अजान आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. पण अजान झाल्यावर आत काय होतं, तो माणूस नेमकं काय म्हणतो, हे शेजारी वर्षानुवर्षं राहूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यातून एक समज तयार होतो की नमाज म्हणजे जगाकडे पाठ फिरवून फक्त देवाशी बोलणं. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग आज पाहू.

सुरुवात वेळेपासून करू. नमाज पाच वेळची: फजर, जुहर, असर, मगरिब आणि इशा. पहाट, दुपार, तिसरा प्रहर, सूर्यास्त आणि रात्र. या वेळा मूळात सूर्याच्या आहेत, घड्याळाच्या नाहीत. भारतभर घड्याळ एकच चालतं, सूर्य मात्र गावोगावी वेगळा. मुंबई 73 रेखांशाच्या जवळ आहे आणि भिलाई 81च्या थोडी पुढे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर भिलाईत दुपार मुंबईच्या सुमारे 34 मिनिटं आधी होते. म्हणून मुंबईच्या वेळा छापलेली दिनदर्शिका इथल्या भिंतीवर लावली तर तारखांना चालेल, नमाजेला चालणार नाही. इथलं वेळापत्रक इथल्याच सूर्याचं लागतं.

आता दिशा. मक्का आणि भिलाई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही 21 अंशांच्या थोड्या वर. नागपूरही तसंच. त्यामुळे वाटतं, तोंड सरळ पश्चिमेला केलं की झालं. पण पृथ्वी गोल आहे. जवळच्या मार्गाने हिशेब केला तर इथून काबेची दिशा पश्चिमेपासून सात-आठ अंश उत्तरेकडे कलते. सांगायचा मुद्दा असा की नमाज माणसाला आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत, हे दिवसातून पाच वेळा विचारते.

आता भिलाईची खरी अडचण. इथला पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या मदतीने उभा राहिला. 1955 साली करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. देशभरातून माणसं आली, त्यांत मराठीही आली, मुसलमानही आले. आणि झोतभट्टी रविवार पाळत नाही, दिवाळी पाळत नाही, ईदही पाळत नाही. मग पाळीवर असलेल्या माणसाने नमाज कशी पढायची?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अजान झाली की त्याच मिनिटाला नमाज पढलीच पाहिजे, असं नाही. प्रत्येक नमाजेला एक मुदत असते. फजर पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत. जुहर सूर्य माथ्यावरून कलल्यापासून असर लागेपर्यंत. असर सूर्य मावळेपर्यंत. मगरिब संध्याकाळची लाली जाईपर्यंत. इशा त्यानंतर, रात्री.

समजा पाळ्या सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला बदलतात. सकाळपाळीचा माणूस घरी येऊन निवांत जुहर पढू शकतो. दुपारपाळीवाल्याच्या असर आणि मगरिब कामावर येतात, इशा घरी. रात्रपाळीवाल्याची गंमत ऋतूवर अवलंबून. जूनमध्ये इथे सूर्य साडेपाचच्या आत उगवतो, म्हणजे फजर कामाच्या जागीच उरकावी लागते. जानेवारीत सूर्योदय साडेसहाच्या पुढे जातो, म्हणजे सहाला सुटून लगबगीने घर गाठलं तरी साधते. मगरिबची मुदत त्यातल्या त्यात आखूड. तेवढ्या वेळात पाच-सात मिनिटं शेजारचा कामगार यंत्रावर लक्ष ठेवतो, आणि याची पाळी आली की हा त्याच्यासाठी ठेवतो. तेव्हा पहिली गोष्ट ही: पाळीवरची नमाज एकट्याच्या बळावर होत नाही. तिच्यामागे दुसऱ्या कुणाचा तरी, बऱ्याचदा दुसऱ्या धर्माच्या माणसाचा, हातभार असतो.

आता नमाजेत काय असतं ते पाहू. आधी वजू, म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुणं, डोक्यावरून ओला हात फिरवणं, पाय धुणं. मग नियत. हा शब्द मराठीने केव्हाच आपला करून घेतलाय. ‘त्याची नियत चांगली नाही’ असं आपण सहज म्हणतो. नमाज नियतीखेरीज सुरूच होत नाही. मग उभं राहणं, कमरेत वाकणं म्हणजे रुकू, आणि कपाळ जमिनीला टेकणं म्हणजे सजदा. अशा एका फेरीला रकात म्हणतात आणि प्रत्येक रकातीत दोन सजदे. फजरच्या दोन, जुहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन, इशाच्या चार. मिळून 17 रकाती फर्ज, म्हणजे अनिवार्य.

या प्रत्येक रकातीत कुराणाची पहिली सूरा, फातिहा, म्हटली जाते. सात छोट्या आयती. आधी ईश्वराची स्तुती, मग भक्तीची कबुली, मग सरळ मार्ग दाखवण्याची विनवणी. तिच्यात एक बारकावा आहे. बोलणारा एकटा असला, बंद खोलीत असला, मध्यरात्री असला, तरी ‘मी’ म्हणत नाही. तो म्हणतो की आम्ही भक्ती करतो, आम्ही मदत मागतो, आम्हाला वाट दाखव.

मराठीत हे अधिक नेमकं कळतं. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. समोरचा त्यात धरायचा नसेल तर ‘आम्ही’, धरायचा असेल तर ‘आपण’. अरबीत हा भेद नाही. ईश्वराशी बोलताना मराठीत ‘आम्ही’च म्हणावं लागेल, कारण तो त्या मागणाऱ्यांत नाही. पण ओळीतल्या शेजाऱ्याकडे वळून तीच गोष्ट सांगायची तर ‘आपण’ म्हणावं लागेल. एकाच नमाजेत हे दोन्ही शब्द आहेत. ज्ञानेश्वरांचं पसायदान ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला, एकट्याने सगळ्यांसाठी मागणं ही कल्पना परकी वाटू नये.

आता हे ‘आम्ही’ नुसतं तोंडाने म्हणायचं आहे की पाळायचंही? याचं उत्तर हदीसमध्ये नोंदलेल्या एका प्रसंगात आहे. मुआज इब्न जबल हे पैगंबरांचे विद्वान सहकारी. ते आपल्या वस्तीत इशाच्या नमाजेचं नेतृत्व करत. एका रात्री त्यांनी कुराणातली सर्वांत लांब सूरा सुरू केली, जिच्या 286 आयती आहेत. मागे एक कष्टकरी उभा होता. दिवसभर उंटांवरून पाणी वाहून दमलेला. त्याला ते झेपेना. तो ओळीतून बाजूला झाला, आपली छोटी नमाज एकट्याने पढला आणि निघून गेला. मुआज यांनी त्याला ढोंगी म्हटलं. तक्रार पैगंबरांपर्यंत गेली. त्यांनी त्या दमलेल्या माणसाला नव्हे, मुआज यांना खडसावलं. तुझ्या मागे म्हातारे असतात, अशक्त असतात, कामाची घाई असलेले असतात. छोट्या सूरा घेत जा, असं त्यांचं सांगणं होतं. लहान मुलाचं रडणं कानावर आलं की मागे उभ्या त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते स्वतःही नमाज आखूड करत, असंही हदीसमध्ये आहे.

सवलतींची यादी याच दृष्टीने वाचा. आजाऱ्याने बसून पढावी, बसवत नसेल तर पडल्या पडल्या, तेही जमत नसेल तर इशाऱ्याने. पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर तयम्मुम. प्रवासात चार रकातींच्या दोन. मासिक पाळीत स्त्रीला नमाज माफ, आणि ती नंतर भरूनही काढायची नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट: फिकहच्या जुन्या ग्रंथांत उदाहरण येतं की एखादा आंधळा विहिरीच्या काठाशी पोहोचला आहे आणि तुम्ही नमाजेत आहात. तिथे नमाज तोडून त्याला वाचवणं हेच कर्तव्य. ती नमाज पुन्हा पढता येते. रस्त्यात लोकांची वाट अडवून नमाज पढणं याच ग्रंथांनी नापसंत ठरवलेलं आहे. भट्टीपाशी धोक्याच्या जागी उभ्या असलेल्या कामगाराला यातून काय करायचं ते स्पष्ट कळतं.

थोडं मतभेदांबद्दल. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, आणि देशावरचे, तसेच इथले छत्तीसगडचे, बहुतांशी हनफी. शाफई पद्धतीत वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की असर लागते, हनफींत दुप्पट झाल्यावर. त्यामुळे रत्नागिरीहून इथे आलेल्या पाहुण्याला इथली असरची अजान उशिराची वाटेल. रुकूच्या वेळी तो हात उचलेल, शेजारचा उचलणार नाही. तरी दोघं एकाच इमामामागे, खांद्याला खांदा लावून उभे राहतात. जो आधी आला तो पुढच्या ओळीत, मग तो अधिकारी असो की ठेकेदाराकडचा मजूर.

आता शेवटचा आणि अवघड प्रश्न. पाचही वेळा नेमाने नमाज पढणारा माणूस व्यवहारात कोरडा निघाला तर? हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारायची गरज नाही, कुराणानेच विचारला आहे. 107वी सूरा, अल-माऊन. फक्त सात आयती. अनाथाला ढकलून देणारा, गरिबाच्या जेवणाची पर्वा नसणारा, आणि शेजाऱ्याला घरातली साधी वस्तूही वापरायला न देणारा माणूस नमाज पढत असला तरी त्याच्या नमाजेबद्दल तिथे अतिशय कडक शब्द आहेत. विनोबांनी मूळ अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला आणि ‘कुराण-सार’ सिद्ध केलं. तो अभ्यास केवळ कुतूहलाचा नव्हता. शेजाऱ्याची प्रार्थना समजून घेणं हे त्यांना स्वतःच्या साधनेचं काम वाटत होतं.

नमाज संपते ती सलामने. आधी उजवीकडे मान वळवून, मग डावीकडे, शांती आणि ईश्वरी कृपा लाभो असं म्हणायचं. समोर ठेवलेलं तोंड शेवटी दोन्ही बाजूंच्या माणसांकडे वळतं. जगाकडे पाठ फिरवणारी कृती अशी संपली नसती.

आपल्या कचेरीत, कारखान्यात, सोसायटीत नमाज पढणारं कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारून बघा, तुम्ही त्यात काय म्हणता. आणि आपण स्वतः नमाज पढत असाल, तर ज्याने तेवढा वेळ आपलं काम सांभाळलं, त्याचं काम आज आपण सांभाळलं का, एवढं पाहा.